काळ्या कागदामागची गाय

आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं चिंचमळ्याचे पोपटराव स्वतःच सांगायचे आणि रोज सांगायचे! दुधातलं पाणी त्यांना वासानं कळायचं. यवतच्या दुकानदारानं काट्याला बोट लावलं, की यांची डावी भुवई आपोआप वर! असा माणूस गावानं शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केला, तेव्हापासून शाळेतली पालसुद्धा जपून चुकचुकायची.

त्यात चित्रकलेला नव्या करुणा मॅडम आल्या. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी, हे सगळं त्यांनी बंदच केलं. "सुट्टीत डोळ्यांनी जे पाहिलं, तेच काढा," म्हणाल्या. पोपटरावांना तिथंच शंका आली. पोरं घराघरांतून काय काय बघतात, याचा हिशेब कुणी ठेवलाय?

प्रदर्शनाच्या सकाळी ते चित्रं तपासायला आले, छापा घालायला आल्यासारखे. ढाब्यामागच्या रिकाम्या बाटल्यांचं चित्र पहिल्या झटक्यात उतरलं. एका पोरीनं पोट पुढं आलेली आई काढली होती. त्या पोटापुढं सूप रंगवायला लावलं. "धान्य पाखडती असं वाटू द्या!"

मग ते सहावीतल्या सोनमच्या चित्रापुढं आले आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. चित्रात गाय वीत होती! वासराचे पाय बाहेर आलेले, अगदी खुरांसकट!

"मॅडम, हे काय हाय?"

"गाय विते आहे, आप्पा."

"ते दिसतंय मला! पर शाळेच्या भिंतीवर? आयाबाया येणार, पाव्हणेरावळे येणार!"

"तुमच्या गोठ्यात दरसाल होतं की हे."

"गोठ्यातलं गोठ्यात!" पोपटराव गरजले. अडलेल्या गायीत कोपरापर्यंत हात घालणारा हा गडी, कागदावरच्या गायीपुढं नव्या नवरीसारखा लाल झाला होता.

चित्र उतरवावं, तर केंद्रप्रमुखांनी आधीच त्याला पहिला नंबर दिलेला. शेवटी तडजोड झाली. नको तेवढं काळ्या कागदानं झाकायचं. मॅडमनी तळहाताएवढा तुकडा कापला.

"आजून मोठा."

मॅडमनी मोठा कापला.

"आजून!"

"आप्पा, आता गायीचं नुसतं तोंड उरलंय."

"तोंड बघून मागचं आठवतंय! ते बी झाका!"

अख्खी गाय झाकली गेली. संस्कृती वाचवल्याच्या समाधानात पोपटराव चहाला गेले.

परत आले, तर सगळं गाव त्याच एका चित्रापुढं! बाकीच्या चित्रांकडं कुत्रं फिरकत नव्हतं. बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. बाप्ये गंभीर चेहऱ्यानं पुढं जायचे आणि काहीतरी राहिल्यासारखं करून पुन्हा मागं यायचे. म्हाताऱ्या साळूबाईनं तर शेजारणीचा चष्मा मागून घेतला होता.

"पोपटा," ती म्हणाली, "ह्या वयात?"

पोपटरावांनी तेव्हा कुठं उरलेलं चित्र बघितलं. सकाळी त्यांची नजर गायीच्या मागं जी अडकली, ती तिथून हललीच नव्हती. आता गाय गेल्यावर उरलं होतं ते असं : डावीकडं बनियन-चड्डीवर, घामाघूम, दातओठ खाऊन पुढं झुकलेला मिशाळ गडी. उजवीकडं पदर खोचलेली, केस मोकळे सुटलेली शेजारची सविता, म्हणजे सोनमची आई. दोघांचेही हात काळ्या कागदात शिरलेले! मागच्या भिंतीवर सुबक अक्षरांत 'पोपटकृपा'. आणि खाली चित्राचं नाव, 'मे महिन्यातली दुपार'.

सविताचा नवरा कोरेगाव भीमाला कंपनीत, घरी कधीतरीच येणारा. पोपटरावांची बायको सुवर्णा अख्खा मे महिना शिरूरला माहेरी. गावानं ही बेरीज तोंडी केली होती, हातचा धरून!

"आवं, गाय हाय त्यात!" पोपटराव ओरडले.

"कुठं हाय?"

"झाकलीया!"

"गायीला कशापाई झाकत्यात?" साळूबाईनं विचारलं आणि गर्दी गालात हसली.

तेवढ्यात सविता फोन नाचवत आली. "आप्पा, त्यो कागद काढा आधी! कुणीतरी फोटू ग्रुपवर टाकलाय. आमचं मालक इचारत्यात, मधी काय हाय म्हणून!"

आणि तिच्या मागून सुवर्णा आली. गर्दीनं तिला वाट करून दिली. तिनं भिंतीवरचं नाव वाचलं. सविताचे केस बघितले. मग चित्रातली मिशी बघितली आणि शेवटी खरी मिशी.

"मी शिरूरला गेल्यावर हे चाललं व्हतं व्हय?"

"आगं, गाय अडली व्हती! सविता बादली घिऊन आली!"

"मंग कागद कुणी लावला?"

"म्या."

उत्तर खरं होतं. पण त्यानं काम आणखीच बिघडलं. सुवर्णा दाराकडं वळली. शिरूरची एस्टी कधी सुटते, हे तिला पाठ होतं!

पोपटरावांनी झेप घेतली आणि टराटरा कागद फाडला. "बघा! नीट बघा! हे मागचं अंग, हे वासराचं पाय! लाजताय काय, पुढं या! साळूबाई, चष्मा लावा! हितं, हितं बघा!" सकाळी आयाबायांना जपणारा अध्यक्ष आता एकेकीला बोलावून, बोट ठेवून दाखवत होता. करुणा मॅडम हाताची घडी घालून बघत होत्या. त्यांना आजवर इतकं चांगलं कोणी शिकवलेलं दिसलं नव्हतं.

सुवर्णा परत आली. गाय बघितली, चित्रातल्या सविताच्या हातातली बादली बघितली. कपाळावरच्या आठ्या सुटल्या. पोपटरावांनी श्वास सोडला.

मग ती आणखी वाकली. वासरू खाली पडताना लागू नये, म्हणून जमिनीवर काहीतरी अंथरलेलं होतं. सोनमनं ते फार मन लावून काढलं होतं. जांभळा रंग, हिरवे काठ, काठावर एकेक कोयरी.

"ही माझ्या भावानं घेतल्याली साडी न्हाई का?" सुवर्णा सावकाश म्हणाली. "वाऱ्यानं उडाली म्हणाला व्हता तुम्ही."

पोपटराव हळूच करुणा मॅडमकडं सरकले.

"मॅडम," ते कुजबुजले, "एक बारका कागद हाय का वो? खालच्या बाजूपुरता?"