भोंग्याचे उलटे पाय

गच्चीवरची टाकी भरली की सगळ्या इमारतीला कळावं, म्हणून मी भोंगा बनवायचं ठरवलं. (मी मानकोलीच्या गोडाऊनमध्ये क्लार्क आहे, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून माणूस काय काय होऊ शकतो!) सगळं जमलं. फक्त सोल्डरिंग करताना एक ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांचा वाटाण्याएवढा काळा तुकडा, मी भाजून काढला.

तसाच धावत मुनीरभाईंच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो.

"पाचशे सत्तेचाळीस नंबरचा संपला," मुनीरभाई म्हणाले. "हा बावीस-बावीस न्या, चालेल. फक्त पाय उलटे आहेत, तेवढं बघा."

मी खाली पाहिलं. खरंच की! घाईत डावी चप्पल उजव्या पायात गेली होती. मुकाट्याने बदलली, आभार मानले आणि घरी येऊन नवा ट्रान्झिस्टर जुन्यासारखाच बसवून टाकला.

वायरी टाकीत सोडून बायकोला बजावलं, "तुळजा, भोंगा वाजेपर्यंत मोटर बंद करायची नाही."

"आणि नाही वाजला तर?"

"माझ्यावर विश्वास ठेव."

तिने ठेवला. (एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.)

तास झाला. भोंगा गप्प.

"अहो, टाकी भरली असेल."

"भरली असती तर वाजला नसता का?"

उत्तर गच्चीवरून आलं.

"केसरीनाथ! माजी सुकट पोवाया लागली रं!"

तळमजल्यावरच्या राहीबाई! दोन चादरी भरून त्यांनी सुकट वाळत घातली होती. मी वर पोचलो तेव्हा ती गच्चीभर तरंगत होती. मोटर बंद करायला तुळजाला ओरडून सांगितलं आणि पँट दुमडून चहाच्या गाळणीने मासेमारी सुरू केली.

राहीबाई मात्र कठड्याला टेकून बसल्या. "दिघाशीवरनं विहीनबाय येनार हाय सांजला. तिला काय देऊ रं आता?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तडक बाजार गाठला, उत्तम सुकट आणून त्यांच्या ओटीत घातली, आणि मग भोंगा घेऊन मुनीरभाईंकडे भांडायला गेलो.

त्यांनी आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, मी ट्रान्झिस्टरचे पाय म्हणालो होतो! तुम्ही चपला बदलायला लागलात, मला वाटलं, काही नवस असेल!"

त्यांनी ट्रान्झिस्टर फिरवून लावला, वायरी पाण्याच्या ग्लासात बुडवल्या, आणि भोंगा असा किंचाळला की समोरचा रिक्षावाला बाजूला झाला.

तेव्हापासून भोंगा एकदाही चुकलेला नाही. टाकी भरली की वाजतोच. पण तो ऐकून मोटर बंद करायला कोणी धावत नाही. इमारतीतल्या झाडून साऱ्या बायका गच्चीवरचं वाळवण उचलायला धावतात.

सगळ्यांत पुढे तुळजा असते.