जड इंजिनाची पिकअप

यशोदाबाईंचा भाऊ प्रेमदास एका भंगारवाल्याला सोबत घेऊनच पवनारला बहिणीच्या घरी आला, तेव्हा पुंडलिकराव अंगणात जुन्या पिकअपच्या बॉनेटला कान लावून उभे होते. पिकअप त्यांच्या वडिलांची. तिचं पेट्रोल इंजिन कायमचं बसलं, म्हणून त्यांनी तळेगावच्या भूपेंद्र मिस्त्रीकडून तिच्यात मोडीत निघालेल्या ट्रकचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. त्या वजनानं गाडीचं नाक खाली गेलं होतं आणि मागची बाजू वर उचलली गेली होती.

"भाऊजी, गाडी तुमच्या पाया पडून राह्यली काय?" प्रेमदास हसला. "द्या आता हिले. भंगारवाला आणलाच हाय मी."

"नाई देत!"

हे कोण बोललं म्हणून पुंडलिकरावांनी स्वतःच मागं वळून पाहिलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवताना त्यांनी पोरांनासुद्धा कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. पण शब्द निघून गेला होता, आणि भंगारवाल्यानंही तो ऐकला होता. आता माघार कशी घ्यायची?

"आज चतुर्थी हाय. हिच्यातच केळझरच्या टेकडीवरल्या गणपतीले जातो. टेकडी नाई चढली, तं खुशाल घेऊन जाजो."

इंजिन सुरू झालं तशी शेजारच्या सीताबाईंच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली. पण अंगणातून रस्त्यावर जायला मुरमाचा छोटासा चढ होता. तिथंच मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि सगळा मुरूम प्रेमदासच्या पांढऱ्या पँटवर उडाला.

"मांगं वजन नाई," पुंडलिकराव पुटपुटले आणि दारातल्या बायकोकडे वळले. "अवं, तू जरा मांगं बसतं काय?"

"मले काय पोतं समजले?" यशोदाबाई म्हणाल्या.

प्रेमदास पँट झटकत पुन्हा हसला. त्या हसण्यानं पुंडलिकरावांची कानशिलं तापली. ते तरातरा घरात गेले. घरात जड अशी एकच गोष्ट होती. पलंगाखालून त्यांनी पुस्तकांची पहिली पेटी ओढली. पुस्तकं बाहेर काढा म्हणून यशोदाबाई वर्षानुवर्षं भांडत होत्या आणि ते मुकाट पान उलटत होते. आज यशोदाबाईंनी स्वतःच पेटीची दुसरी कडी धरली. आधी कोश गेले, मग मासिकांचे गठ्ठे. चरित्रं चढवली तेव्हा कुठं मागचे टायर दबले.

पिकअप चढली. अंगणातला चढ चढली, केळझरची टेकडीही चढली. वर पोचल्यावर कधीही हॉर्न न वाजवणाऱ्या पुंडलिकरावांनी तो लांबलचक वाजवला. मागून मोटरसायकलवर धूर खात आलेल्या प्रेमदासचं तोंड काळं झालं होतं.

"चढली नं?"

"चढली, भाऊजी," तो खोकत म्हणाला.

घरी आल्यावर पुंडलिकरावांनी हौसेनं पेट्या उतरवल्या आणि उगाच एकदा गाडी चढावर नेऊन पाहिली. चाकं पुन्हा जागीच फिरली.

"उद्या वाळूची पोती टाकतो," ते म्हणाले.

"वाळू काऊन? पुस्तकं जमली नं मस्त!" यशोदाबाईंनी पेट्या परत चढवायला लावल्या आणि वरून ताडपत्री करकचून बांधली.

पुंडलिकराव घरात गेले. पलंगाखाली, कोशांच्या जागी, कांदे पसरलेले होते. भिंतीशी पुस्तकांचं एक कपाट तेवढं शिल्लक होतं. यशोदाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडेच बघत होत्या.

"अहो, त्या भूपेंद्रले विचारा नं," त्या म्हणाल्या, "याच्याहून जड इंजिन भेटते काय?"