बाबांच्या घरातला मेन कॉक

पंचवीस वर्षं मी कॅनडातल्या थंडर बेच्या बर्फात लोकांना गाडी शिकवतोय. अशा माणसाला पाण्याचा एक कॉक उघडायला कितीशी अक्कल लागणार!

"प्लंबरला बोलवू या," आयला, माझी बहीण, म्हणाली.

"बंद कोणी केला होता? मी. मग उघडणारही मीच!"

ऑक्टोबरात बाबांना वृद्धाश्रमात ठेवलं, त्याच दिवशी मी घरातला हीटर आणि पाणी दोन्ही बंद करून टाकलं होतं. बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. घर विकायला काढलंय, हे त्यांना सांगायचं कोणी, यावरून आम्ही बहीणभाऊ सहा महिने भांडतोय. आणि आज तीन वाजता गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं.

आयला वर गेली, मी तळघरात. कॉक गच्च बसलेला. लावला पान्हा, दिला जोर! गरागरा फिरवत पार शेवटपर्यंत उघडला.

"आर्वो, पाणी!" वरून आयला ओरडली.

येत नसेल, असं वाटून मी उघडायच्याच दिशेनं आणखी आवळला.

"अरे, पाणी येतंय!"

"येऊ दे की!"

"छतातून येतंय, मेल्या!"

वर धावलो. जेवणाच्या खोलीचं छत भिजल्या गादीसारखं लोंबत होतं. आम्ही बघत असतानाच ते फाटलं आणि आईच्या टेबलावर धप्पकन कोसळलं. आई गेल्यापासून बाबा त्या टेबलावर कुणाला साधी किल्ली ठेवू देत नसत!

पुन्हा तळघरात. कॉक बंद होईना! पान्ह्याला लोंबकळलो, शिव्या घातल्या, शेवटी रडकुंडीला आलो. आयलानं सरळ वृद्धाश्रमाला फोन लावला. बाबा चाळीस वर्षं शाळेच्या इमारतीची देखभाल करत होते. तिनं फोन माझ्या कानाला लावला.

"बाबा, मी आर्वो."

"आर्वो शाळेत गेलाय. तुम्ही काम बोला."

मी घसा खाकरला आणि काम बोललो.

"शेवटपर्यंत उघडून आवळलात ना? म्हणून अडकलाय. उघडला की पाव फेरा मागे घ्यायचा असतो," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "आता जोर लावू नका. थोडा इकडे, थोडा तिकडे. रुसलेल्या पोराला समजावतात तसा."

मी समजावलं. कॉक कुरकुरला, हलला, हळूहळू बंद झाला. वरची धार थांबली.

"हिवाळ्यात पाणी बंद केल्यावर नळ उघडून पाइप रिकामे केले होते का?"

मी पान्हा हळूच खाली ठेवला.

"नाही ना? मग आत राहिलेलं पाणी गोठलं आणि पाइप फुटले. कुठल्या गाढवानं बंद केलं होतं?"

"होता एक."

आयलाला हसू फुटलं, आणि हसता हसता ती जिन्यावर बसून रडायला लागली.

"घर कुणाचं आहे?" बाबांनी विचारलं.

"रायनो लाहतिनेन यांचं."

बाबा ते नाव स्वतःशीच पुटपुटले.

"अहो, ते तर माझं घर! सगळ्या खिडक्या उघडा. लाकूड फुगेल. मी संध्याकाळी येतोच."

"या, बाबा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

दारावरची घंटा वाजली, तेव्हा आम्ही दोघं ओल्या मोज्यांनी खोल्याखोल्यांतून पळत खिडक्या उघडत होतो. बाहेर उणे सहा होतं!