तांडेलमामांना गाडी लागते

बोईसरहून नाशिकला जाणारी सकाळची गाडी मनोरच्या पुढे गेली, की तांडेलमामा मांडीवरचं फडकं सोडत, त्यातून एक सुका बोंबील काढत आणि डोळे मिटून तो नाकाशी धरून बसत. गाडी लागणारी इतर माणसं लिंबू हुंगतात, आवळासुपारी चघळतात. मामांना लिंबाच्या वासानेच मळमळायचं. दर्याचा वास नाकात असला, की पोटाला वाटतं आपण होडीत आहोत, असं त्यांचं म्हणणं. मामांचं पोट खरोखरच फसायचं. पण बाकीच्यांच्या पोटाचं काय? मागच्या बाकावरची एखादी बाई आधी नाकाला पदर लावी, मग खिडकी गाठी, मग तिचं पाहून तिच्या शेजारची. विक्रमगड येईपर्यंत निम्मी गाडी खिडक्यांतून बाहेर वाकलेली आणि मामा मात्र ताठ बसलेले. "बघा साएब, लोकांना किती तरास होतो गाडीचा," असं ते मला कळवळून सांगत.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होतो. घर नाशिकला, लग्न व्हायचं होतं, तेव्हा महिन्यातून एकदा आईच्या हातचं जेवायला आणि मळके कपडे धुवायला टाकायला मी घरी जात असे. मामा जवळच्याच मुरब्याचे, समुद्रकाठच्या गावचे. उभा जन्म होडीवर गेलेला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, तो म्हणेल तिकडे होडी जाणार. भर वादळात होडी हाकणारा हा माणूस दर्यावर कधी आजारी पडला नव्हता, पण गाडीचा भोंगा ऐकला तरी त्याच्या कपाळावर घाम यायचा. एवढ्या मोठ्या माणसाचं असं का होतं, हे मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं. नसत्या चौकश्या करायची मला खोडच आहे.

"दर्या सांगून हलवतो, साएब," मामांनी उलगडा केला. "लाट येताना दिसते. माणूस पाय घट करतो. ही गाडी न सांगता हलवते. बेइमान हाय ती."

म्हणून मामांना पुढचीच जागा लागे. तिथून समोरचा रस्ता दिसतो. एकदा ती जागा मिळाली, की ते एकेका खड्ड्याची वर्दी देऊ लागत. "आला... आला... घ्या!" धाडकन गाडी आदळे. "गेला!" पहिल्यांदा लोक हसत. पण जव्हारचा घाट लागेपर्यंत गंमत अशी होई, की "घ्या" म्हटलं की सगळी गाडी आपापल्या बाकावरून वीतभर वर उठे आणि "गेला" म्हटलं की खाली बसे. एका ड्रायव्हरला ते सहन झालं नाही. त्याने मागे न बघताच विचारलं, "मामा, गाडी कोण चालवतंय?"

"तूच चालव ना बाबा," मामा म्हणाले. "मी फक्त दर्या बघतो."

गाडी कुठे रेंगाळली की ते "वारा पडला" म्हणत. चहाला थांबायचं असेल तर "नांगर टाका." जव्हारच्या स्टँडवर उतरले की दोन्ही पाय फाकवून घटकाभर उभे राहत, जमीन हलायची थांबली याची खात्री करून घेत आणि मगच चहाची कपबशी हातात घेत.

एवढे हाल सोसून हा माणूस जायचा कुठे? तर लेकीकडे. नाशिकला उतरून पुन्हा दुसरी गाडी पकडून सिन्नरच्या पलीकडच्या एका गावात. आता मुरब्याच्या माणसाने लेक द्यावी तर सातपाटीला द्यावी, केळव्याला द्यावी, फार तर डहाणूला. ही कांद्याच्या मुलखात कशी गेली? मी दोन-तीनदा आडून आडून विचारलं.

"तिकडं कांदे चांगले हायत," मामा म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

गाडी टाळायची म्हणून मामांनी काय काय करून पाहिलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. एकदा ते आगगाडीने निघाले. बोईसर ते दादर, तिथून नाशिकची गाडी. पोट एकदम झकास. पण कसाऱ्याला पाय मोकळे करायला उतरले, तर गाडीच्या शेपटाला आणखी एक इंजिन जोडताना दिसलं. घाट चढायला तिथे मागूनही जोर लावतात, हे त्यांना कोण सांगणार? पुढची मशीन बंद पडली, आता मागून ढकलत नेतायत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. "असल्या होडीत कोन बसंल?" म्हणून स्वतः तर उतरलेच, वर डब्यातल्या लोकांनाही सावध केलं. त्यांच्या सांगण्यावरून दोघं जण सामानासकट खाली उतरले. मग तिघांनी मिळून एक जीप धरली. त्या जीपमध्ये माणसं इतकी कोंबलेली होती, की मामांच्या म्हणण्याप्रमाणे ओकायलासुद्धा जागा नव्हती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

दुसऱ्या खेपेला कांद्याचा ट्रक. बोईसरच्या बाजारात कांदे उतरवून रिकामा परत चालला होता. मामा मागच्या हौद्यात दोरीला धरून उभे राहिले ते थेट सिन्नरला उतरले. तोंडावर वारा, समोर रस्ता, मळमळ नावालाही नाही. हाच तो मार्ग, असं त्यांना वाटलं. पण लेकीच्या दारात उभे राहिले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत कांद्याची टरफलं, तोंड धुळीने काळंठिक्कर, डोळे लाल. लेक नदीवर धुणं धुवायला गेलेली. तिच्या सासूने दाराशी म्हातारा पाहिला, आत गेली आणि अर्धी भाकरी आणून त्याच्या हातावर ठेवली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, खाल्ली. भूक लागलीती. चांगली होती भाकर." मामा हसले. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पन लेक आली नी रडली, साएब. तिला तिथं माज्याबिगर माहेर नाय. मी असा गेलो तर लोक बोलनार, हिचं माहेर असं."

त्या दिवसापासून ट्रक बंद झाला. मळमळलं तरी चालेल, पण लेकीच्या दारात पांढऱ्या धोतरानिशी, ताठ मानेने उतरायचं, एवढा एकच हिशेब मामांनी मनाशी ठेवला. गाडीशी त्यांचं जुळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बोंबलाशी जुळवून घेतलं.

असंच एकदा सकाळी बोईसर स्टँडवर मामा दिसले आणि मी ओळखलंच नाही. कडक धोतर, नवी टोपी, दाढी गुळगुळीत, काखेत पत्र्याची छोटी पेटी. लेकीला मुलगी झाली होती आणि आज बारसं होतं. पेटीत बाळाची अंगडी-टोपडी आणि चांदीचे वाळे होते. दिवेलागणीच्या आत बाळ पाळण्यात घालायचं ठरलं होतं. "माहेरचं मानूस येईपर्यंत थांबू, बोललीय तिची सासू. पन दिवे लागल्यावर नाय थांबनार." वाटेत त्यांनी हे मला चार वेळा सांगितलं. त्या दिवशी खड्ड्यांची वर्दी नाही, काही नाही. मामा मनातल्या मनात गाडी ढकलत होते.

आणि नेमकी मोखाड्याच्या पुढे गाडी बंद पडली. इंजिनातून वाफा येऊ लागल्या, ड्रायव्हर उतरला, त्याने झाकण उघडलं आणि मिटलं. कंडक्टर मदत आणायला उलट्या दिशेने निघाला. लोक झाडाखाली पसरले. मामा रस्त्याच्या मधोमध उभे. ऊन कलू लागलं तसे ते एकदा उन्हाकडे बघत, एकदा रस्त्याकडे. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी एक ट्रक आला, गवताने काठोकाठ भरलेला. ड्रायव्हर नाशिकपर्यंत न्यायला तयार होता, पण वर, गवतावर बसायचं. मामा मागे सरले. "नाय साएब. परत भिकारी होऊन नाय जायचं."

मी माझी पिशवी उघडली. घरी धुवायला नेत असलेली चादर बाहेर काढली आणि म्हटलं, "ही गुंडाळा. गळ्यापासून पायापर्यंत." मामांनी चादर हातात घेतली, हुंगली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. बोंबील हुंगणाऱ्या माणसाने असं पाहावं, याचा मला जरा रागच आला. पण मग म्हणाले, "चालंल."

त्या गवताच्या ढिगावर चढल्यावर तांडेलमामा काय आहेत ते मला कळलं. एक हात दोरीला, दुसरा पेटीवर, चादरीचं टोक वाऱ्यावर फडफडतंय, नजर समोर. ट्रक डावीकडे कलला की ते उजवीकडे, तो उजवीकडे की हे डावीकडे. आणि माझं? ज्याला आयुष्यात कधी गाडी लागली नाही, त्या माझ्या पोटात त्र्यंबकच्या आधीच ढवळून आलं. मी ओणवा झालो. मामांनी माझं कपाळ आपल्या तळव्यात घट्ट धरलं. "लांब बघा, साएब. पायाकडं नाय बघायचं. लांब डोंगर दिसतो ना, तो धरा." आजारी लेकराशी बोलावं तसं ते बोलत होते.

नाशिकला उतरल्यावर मी घरी जायला निघालो, तर मामांनी माझा हात धरला. "साएब, तुमीपन चला. माहेरची दोन मानसं गेली तर बरं दिसंल." सकाळपासून पोटात धड अन्न नव्हतं आणि होतं तेही राहिलं नव्हतं. तरी गेलो. एवढ्या प्रेमाने मला आजवर कुणी कुठल्या माहेरात घेतलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं पार उतरली होती. अंगणात बायका ताटकळलेल्या, पाळण्याला फुलांच्या माळा, कंदील पुसून तयार. मामांची लेक हिरा उंबऱ्यात उभी होती. मामांना पाहताच ती धावली, पाया पडली आणि त्यांच्या टोपीवरच्या गवताच्या काड्या एकेक करून वेचू लागली. सासूबाई पुढे आल्या नि म्हणाल्या, "या बारीला वळखलं बरं का!" सगळे हसले. मामाही हसले. मग पाळणा हलला, बाळाच्या पायात वाळे चढले आणि मामा पाटावर असे बसले, जसे काही गावचे पाटीलच.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "तुमी हिराचे कोन?"

"माहेरचा," मी ऐटीत म्हणालो. "हे तिचे वडील, मी त्यांच्याबरोबर आलोय."

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "वडील कुठले वो? सासरा हाये त्यो तिचा, पहिल्या घरचा. त्येचा पोरगा समुद्रात ग्येला, तर ह्या मानसानं सुनंचं लगीन लावून दिलं. बाप म्हनून हात धरून आनली तिला हितं. तुमी माहेरचे म्हनता आन तुमाला ठावं न्हाई?"

मला नव्हतं ठाऊक. इतक्या खेपा मांडीला मांडी लावून बसलो, बोंबलापासून खड्ड्यांपर्यंत सगळं विचारलं आणि मुलंबाळं किती म्हणून कधी विचारलं नाही.

रात्रीच्या शेवटच्या गाडीने आम्ही परतलो आणि मामा नाशिकला आमच्या घरी झोपले. सकाळी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. कठड्यावर बसलो असताना मी विचारलंच, "मामा, इतक्या लांब का दिलीत तिला?"

या वेळी त्यांनी कांद्यांचं नाव काढलं नाही.

"मुरब्यात बरी बरी पोरं होती, साएब. सातपाटीचीपन येऊन गेली. पन सगली दर्यावर जानारी. आमच्याकडं वादळ झालं की बाया किनाऱ्यावर येऊन उभ्या ऱ्हातात. हिरा तर माजा पोरगा गेल्यावर पन जायची. रोज सांजेला. होड्या लागायच्या, मानसं घरी जायची, ही तिथंच. मी तिच्या मागं उभा. एक दिवस ठरवलं, हिला अशा गावी देयाची जिथं दर्याचा वारापन येनार नाय. होडीची मशीन दुरुस्त करायला एक फिटर यायचा, तो इकडचा. चांगला मानूस. मीच इचारलं त्याला. भावकी अजून माज्याशी बोलत नाय. नाय तर नाय."

"मग आता तिच्याकडेच का राहत नाही तुम्ही?" मी म्हटलं. "तिकडे घरी कोणी नाही. हा गाडीचा त्रासही संपेल."

"तीपन तेच बोलते." मामांनी पेटी जवळ ओढून घेतली. "होडी गावली, साएब. पोरगा नाय गावला. हिरा इकडं यायला तयारच नव्हती. बोलायची, मी गेले नी ते आले तर किनाऱ्यावर कोन असंल? मी तिला बोललो, तू जा पोरी. तुज्या जागी मी उभा ऱ्हातो."

गाडी फलाटाला लागली. मामांनी पेटी उचलली, कपाळावरचा घाम पुसला आणि दाराकडे निघाले.

"पुढची जागा बघा साएब, गावते का," ते म्हणाले. "सांजेच्या आत पोचाया पायजे."