टेर्नवोगचा मध्यबिंदू

सकाळच्या कॉफीनंतर आयलर्ट परसातल्या लाकडी संडासात, दार सताड उघडं टाकून, समुद्राकडे बघत बसला होता. घरात चांगलं चकचकीत न्हाणीघर होतं, मुलीने हट्टाने बांधून घेतलेलं. पण तिथून भिंत दिसते आणि इथून फ्योर्डचं पाणी दिसतं, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. फेरीबोटीच्या इंजिनघरात हयात काढलेल्या माणसाला म्हातारपणी एवढी तरी हवा मिळावी! तेवढ्यात बटाट्याच्या वाफ्यातून पालिकेची सिन्नोव्ह चालत आली. हातात काठीवर बसवलेलं मोजणीयंत्र, नजर यंत्रावर आणि पावलं नेमकी संडासाच्या रोखाने.

"अगंबाई! आयलर्टकाका, उठू नका, उठू नका!" ती गर्रकन पाठ फिरवून उभी राहिली.

"उठतोय कसला! तू तोंड तिकडेच ठेव. काय हरवलंय तुझं?"

"हरवलं नाही, सापडलंय. टेर्नवोग पालिकेचा मध्यबिंदू."

"कुठे?"

"तुमच्या खाली."

आयलर्टने खाली बघितलं. विशेष काही दिसलं नाही. "नेमका खाली?"

"डावीकडे जरासा."

आयलर्ट जरासा डावीकडे सरकला. का सरकला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

झालं होतं असं, की पालिकेचा शताब्दी सोहळा आला होता आणि टेर्नवोगला दाखवण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या ब्रातसुंदकडे जुनं चर्च होतं, दीपगृह होतं, धबधबासुद्धा होता. टेर्नवोगकडे खडक होते. तेव्हा अध्यक्ष तुर्मूदच्या डोक्यातून कल्पना निघाली की आपल्या पालिकेचा मध्य शोधावा आणि तिथे खांब रोवावा. मध्य काय, प्रत्येकालाच असतो! सिन्नोव्हने सगळी बेटं, सगळे खडक संगणकात घातले आणि संगणकाने आयलर्टचा संडास काढून दिला.

संध्याकाळी तुर्मूद स्वतः आला. दोघे एका बाकावर शिकलेले.

"आयल्या, ही खोपटी पाच पावलं सरकव की रे. बाकी काही मागत नाही."

"मी आधी बसलोय. मध्य नंतर आला. मध्याला सरकव."

अखेर तोडगा निघाला. संडास जागच्या जागी राहील आणि त्याच्या भिंतीवर पितळी पाटी लागेल. खरं सांगायचं तर आयलर्ट मनातून सुखावला होता. त्याने मुलीला फोन करून सांगितलं, आणि ती हसायला लागल्यावर रागाने ठेवूनही दिला.

पाटी लागली आणि माणसं यायला लागली. आधी सायकलवाले आले, मग शाळेची सहल आली, मग एक जर्मन जोडपं आलं. त्यांनी पाटीबरोबर फोटो काढले आणि आत डोकावून, "मध्यावर बसता येतं का?" असं विचारलं. आयलर्ट भिडस्त. नाही म्हणवेना. एका सकाळी तर तो आपल्याच संडासाबाहेर, बगलेत पेपर धरून, सहा अनोळखी माणसांच्या मागे रांगेत उभा राहिला. पुढचा गृहस्थ मागे वळून आपुलकीने म्हणाला, "तुम्हीही लांबून आलात का?"

त्याच दिवशी तो तडक पालिकेत गेला.

"सिन्नोव्ह, तुझ्या हिशोबात चूक असणार. बेटं कुठली कुठली धरलीस?"

सिन्नोव्हने नकाशा उघडला. आयलर्ट आला होता भांडायला, पण नकाशा समोर आल्यावर वाकून बघतच राहिला. ज्या खडकांची नावं त्याने जन्मभर खाली इंजिनघरात बसून नुसती ऐकली होती, ते वरून असे दिसतात होय! तो नकाशावर बोट ठेवत एकेकाचं नाव घेत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"प्रेस्तहोल्मेन कुठाय?"

"ते ब्रातसुंदचं, काका."

"आमचं होतं ते. माझा आजा सांगायचा. पालिका वेगळ्या झाल्या तेव्हा हद्द ठरवायला साहेब लोक होडीतून निघाले. प्रेस्तहोल्मेनच्या अलीकडेच सगळ्यांना ओकाऱ्या लागल्या. तेव्हा 'ते राहू दे तिकडेच' म्हणून परत फिरले. हद्द ही अशी ठरली!"

सिन्नोव्हचे डोळे चमकले. तिने सहज म्हणून ते बेट टेर्नवोगच्या बाजूला ओढलं. पडद्यावरचा लाल ठिपका घसरला, आयलर्टच्या परसातून निघाला, रस्ता ओलांडून गेला आणि यॉर्डिसच्या वॉफलच्या दुकानाच्या ओसरीवर जाऊन बसला.

आयलर्ट आणि यॉर्डिस यांचं एका तोडलेल्या बर्च झाडावरून बारा वर्षं बोलणं नव्हतं. पण त्या दुपारी तो तिच्या ओसरीवर गेला.

"काय हवंय?" यॉर्डिसने विचारलं.

"मध्य हवाय का तुला?"

तिने आधी त्याच्याकडे, मग रिकाम्या टेबलांकडे बघितलं, आणि तपकिरी चीज घातलेला गरम वॉफल त्याच्यापुढे सरकवला. "बस. नीट सांग."

दोघांनी मिळून अर्ज केला. प्रेस्तहोल्मेन टेर्नवोगला परत मिळावं! सभेत टाळ्यांच्या गजरात ठराव झाला. शताब्दीच्या वर्षात शेजाऱ्याकडून बेट मिळवणारा अध्यक्ष, या विचाराने तुर्मूदची छाती फुगली. ब्रातसुंद कोर्टात जाईल, वर्षानुवर्षं भांडेल, पेपरात नाव येईल, असा त्याचा अंदाज होता. तिसऱ्या दिवशी ब्रातसुंदच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला.

"घ्या की! आनंदाने घ्या. कधी नेताय?"

तुर्मूदची छाती तिथेच बसली. इतक्या आनंदाने कोणी बेट देतं का? त्याने चौकशी केली आणि कळलं की बेटावर एक बाई राहते.

ओगोत तिचं नाव. एकटी, वय ऐंशीच्या घरात, आणि ब्रातसुंद पालिकेच्या निम्म्या तक्रारींची धनीण. धक्क्याची फळी कुजली, टपालाची होडी उशिरा आली, दिवा लुकलुकतो, दिवा लुकलुकत नाही. तिच्यापायी दोन अधिकारी आजारी रजेवर गेले होते आणि एकाने शेती धरली होती.

"ठराव मागे घेऊ," तुर्मूद म्हणाला.

"आता नाही येत घेता," सिन्नोव्ह म्हणाली. "आता बेटावरच्या रहिवाशांचा कौल घ्यावा लागतो."

"रहिवासी एक आहे!"

"मग एकाचा."

रीतसर मतदान ठरलं आणि प्रचाराला तोंड फुटलं. आयलर्टच्याच होडीतून दोन्ही अध्यक्ष बेटावर गेले. ओगोतने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली आणि हाताची घडी घालून ऐकत राहिली.

"टेर्नवोगसारखी पालिका नाही हो," ब्रातसुंदच्या अध्यक्षीणबाईंनी सुरुवात केली. "किती तत्पर माणसं! आमच्याकडे काय, सगळा आनंदीआनंद."

"छे छे," तुर्मूद घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडे तर दिवासुद्धा लागत नाही वेळेवर. रस्ते बघाल तर रडाल. तुमचं चर्च काय, धबधबा काय! असं सोडून कोणी येतं का?"

"आमच्या धबधब्याला हल्ली पाणी नसतं."

"आमचा डॉक्टर बहिरा आहे!"

उभ्या आयुष्यात ओगोतने दोन अध्यक्षांना एवढं खरं बोलताना ऐकलं नव्हतं. तिने दोघांच्या कपात पुन्हा कॉफी ओतली, म्हणजे बोलणं थांबू नये. मग ती दाराशी उभ्या असलेल्या आयलर्टकडे वळली.

"आणि तू रे? तू कोणाच्या बाजूचा?"

"मी टेर्नवोगचा. तुम्ही आमच्याकडे यावं, असं मला वाटतं."

तुर्मूदने त्याच्याकडे जळजळीत नजरेने बघितलं.

"मी? का बरं?" ओगोतने विचारलं.

आयलर्टला खोटं सुचेना. त्याने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. संडास, पाटी, रांग, लांबून आलात का म्हणणारा तो गृहस्थ. ओगोत ऐकताना पुढे पुढे झुकत गेली. शेवटी तिच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला. अध्यक्षीणबाई घाबरून उठल्या. त्यांनी तिला कधी हसताना ऐकलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सिन्नोव्हने मतपेटी आणली, तिला सील लावलं, ओगोतला पडद्यामागे पाठवलं. एका मताची मोजणी झाली. खात्री म्हणून पुन्हा झाली.

"मतदान गुप्त असतं," सिन्नोव्ह गंभीरपणे म्हणाली, "त्यामुळे कोणी मत दिलं ते सांगता येत नाही. पण टेर्नवोग एक, ब्रातसुंद शून्य."

ब्रातसुंदच्या अध्यक्षीणबाईंनी ओगोतला मिठी मारली, सिन्नोव्हला मारली आणि रडवेल्या तुर्मूदलाही मारली. मग त्या जवळजवळ धावतच आपल्या होडीकडे गेल्या.

ओगोतने शांतपणे पलंगाखालून दोन बांधलेल्या पेट्या ओढल्या.

"हे काय?" तुर्मूदने विचारलं.

"सामान. तुमच्याकडे वृद्धांसाठी घरं आहेत ना? दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. म्हणाले, बाहेरच्यांना मिळत नाही. आता मी आतली झाले."

तुर्मूदचा चेहरा उजळला. बेटही आलं आणि बेटावर तक्रार करायला कोणी उरलंही नाही! "अहो, जरूर या! कुठलं घर पसंत आहे?"

"पालिकेसमोरचं. वरच्या मजल्यावरचं. तिथून अध्यक्षांची खोली दिसते म्हणे."

तुर्मूद मतपेटीवरच बसला.

पेट्या होडीत चढल्या. तुर्मूद आणि सिन्नोव्ह पालिकेच्या बोटीने पुढे गेले. ओगोत आयलर्टच्या होडीत पुढच्या टोकाशी ताठ बसली, मांडीवर मांजर घेऊन. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. टेर्नवोगचा किनारा जवळ आला, तशी तिने मान उंचावली.

"तो धक्का कोणी बांधला? वाकडा आहे."

"पालिकेने."

"आणि ते पडकं मासळीचं गोदाम?"

"तेही पालिकेचं. अकरा वर्षं तसंच आहे. मी कितीदा सांगितलं, कोणी ऐकत नाही."

"लिहून दिलं होतंस का?"

"नाही."

"तोंडी सांगून काय होतं!" तिने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा किनाऱ्याकडे बघू लागली. "अजून आहे का काही?"

आयलर्टने क्षणभर विचार केला. बंदर समोर होतं, सरळ गेलं तर दहाच मिनिटं. त्याने इंजिन मंद केलं, सुकाणू डावीकडे वळवलं आणि सगळ्या किनाऱ्याला वळसा घालणारा लांबचा मार्ग धरला.

"थंडी वाजत नाही ना?" त्याने विचारलं. "जरा वेळ लागेल."