शलाकाचं शिसवी जेवणघर

एका जंगलात, मुलांनो, शलाका नावाची एक सायाळ राहायची. वयाने तरुण, अंगाने काटेरी आणि स्वभावाने इतकी घाबरट, की स्वतःलाच शिंक आली तरी "कोण आहे?" म्हणून विचारायची.

तुम्ही हसाल. पण अंगभर काटे असताना दचकणं ही सोपी गोष्ट नाही बरं. दचकली की तिचे सगळे काटे ताठ उभे राहायचे आणि ते खाली बसेपर्यंत तिला कुठल्याच दारातून जाता यायचं नाही. आणि घाबरली की तिचे दात शिवशिवायचे. काहीतरी कुरतडल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही.

ही शलाका नुकतीच आईचं बीळ सोडून वेगळी राहायला लागली होती. ओढ्याच्या काठी, स्वतःच्या नखांनी खणलेल्या बिळात. "अशी बसू नकोस, तशी चालू नकोस" म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. तिथे ती अगदी सुखाने दचकत होती.

आईला काही ते पटत नव्हतं.

"बाभळीचं लग्न ठरलंय," आई एक दिवस म्हणाली. बाभळी म्हणजे शलाकाची मावसबहीण. "तिचं केळवण तू कर. तुझ्या बिळात. नीट पार पडलं तर राहा वेगळी. नाही तर गुपचूप घरी यायचं."

"त्रिवेणीमावशी पण येणार?"

"तिच्याच लेकीचं केळवण. ती नाही येणार तर काय कोल्हा येणार?"

झालं. काटे उभे.

त्रिवेणीमावशी कशी होती ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. एकदा पुनवेच्या चंद्राकडे बघून ती म्हणाली होती, "बरा आहे. जरा फिक्का वाटतो, नाही?"

शलाका धावत गेली ती चिमाजी वानराकडे. या चिमाजीने एक हिवाळा डोंगरमाथ्यावरच्या माणसाच्या बंगल्यात काढला होता. म्हणजे आत नाही, खिडकीबाहेर. बंद काचेला नाक लावून. तेव्हापासून घर कसं असावं हे तो सगळ्या जंगलाला सांगायचा. स्वतः झोपायचा फांदीवर.

चिमाजी आला. बिळात डोकावला आणि त्याने एक सुस्कारा सोडला.

"जेवता कुठे?"

"इथेच. खाली बसून."

"आणि झोपता?"

"इथेच. जरा पलीकडे सरकून."

"अरेरे! ताई, डायनिंग वेगळं हवं. खाली गडद लाकडी जमीन. शिसवी. आणि समोरच्या भिंतीत विटांची शेकोटी. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत."

"बिळात शेकोटी?" शलाकाचा आवाज चिरकला.

का चिरकला माहीत आहे? सायाळीचं पिल्लू बोलायला लागायच्या आधी एक धडा शिकतं. बिळात धूर आला म्हणजे शिकारी आला. मागच्या दाराने पळ! म्हणून तर प्रत्येक सायाळीच्या बिळाला दोन दारं असतात.

"पण धूर..." ती म्हणाली.

"जाईल की वर. हे मागे भोक आहेच. त्याच्याखालीच शेकोटी बांधू."

"ते मागचं दार आहे हो."

"कधी वापरलंत?"

"नाही. अजून तशी वेळ नाही आली."

"बघा! वाया गेलेली जागा."

शलाकाला "नको" म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडात एक खोड होती. घाबरली की "नको"च्या जागी "हो" यायचं.

"हो," ती म्हणाली. मग घाईघाईने, "पण पेटवायची नाही ना?"

"छे, छे! नुसती शोभेची."

काम सुरू झालं. ओढ्यापलीकडे एक शिसवाचं झाड वाऱ्याने आडवं झालं होतं. सुतारपक्ष्यांनी त्याच्या फळ्या काढल्या. ओस पडलेल्या भट्टीतून विटा आल्या. जमीन अशी चकाकली की शलाकाला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि ती दचकली. मागे सरली, तर नखं फळीवर वाजली. टक! ती पुन्हा दचकली. पळाली, तर टक टक टक! कुणीतरी पाठलाग करतंय आणि ते कुणीतरी आपणच आहोत, हे तिला कोपऱ्यात पोचल्यावर कळलं.

तोवर कोपऱ्यातली फळी तिच्या तोंडात होती.

तिने पटकन त्या कुरतडलेल्या जागी पळसाचं पान ठेवलं.

"हे काय?" चिमाजीने विचारलं.

"शोभेचं."

"वा! शिकलात की!"

राहता राहिला स्वयंपाक. कंदमुळं खणायला शलाकाला सवड कुठे होती? पण चिमाजीकडे त्यालाही उत्तर होतं. "पान भरून वाढणं गावंढळ दिसतं. मधोमध एक कंद ठेवायचा. बाकी पान रिकामं. नजरेला शांत वाटतं."

केळवणाचा दिवस उजाडला. आई आली, बाभळी आली, मागून मामे-चुलत सायाळींचा घोळका आला. सकाळपासून सगळे उपाशी. केळवणाला जायचं तर पोट रिकामं ठेवून, ही त्यांची रीतच. पहिलीने आत पाऊल टाकलं. टक! तिचे काटे उभे. ते बघून दुसरीचे उभे. एकेक पाहुणी दारातच अडकत, हळूहळू चपटी होत आत आली.

"माती कुठे गेली गं?" त्रिवेणीमावशीने विचारलं. "आणि जमीन अशी काळवंडली का? काही लागलंय का तिला?"

"शिसवी आहे, मावशी."

"असू दे हो. बरी होईल."

पानं मांडली. प्रत्येकीपुढे एक कंद. मावशीने तो खाल्ला आणि वाट बघत बसली. बाकीच्याही बसल्या. आई काहीच बोलली नाही. मुलांनो, आई काहीच बोलत नाही तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

शलाकाला तिचं जुनं अंथरूण डोळ्यांपुढे दिसायला लागलं. आईच्या शेजारचं.

एवढ्यात चिमाजी आत शिरला. हातात करवंटी, करवंटीत निखारा.

"इतकी पाहुणी मंडळी आणि शेकोटी गार? ताई, पेटवू ना?"

नको, नको, नको, शलाका मनात म्हणाली.

"हो," ती म्हणाली.

चिमाजीने निखारा ठेवला, वाळकी पानं टाकली, फुंकर मारली. आता बंद काचेतून शेकोटी दिसते, पण धूर कुठे जातो ते कळत नाही. हा धूर वर गेलाच नाही. तो पंगतीत आला.

"धूर!" बाभळी किंचाळली.

सगळ्या सायाळी एकदम उठल्या आणि लहानपणी शिकल्याप्रमाणे मागच्या दाराकडे पळाल्या. तिथे जाळ!

"अगं बाई, मेला शिकारी मागच्या दारातच बसलाय!" त्रिवेणीमावशी ओरडली. तिने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि उलट्या पावली त्या विटांवर धावून गेली.

धडाम!

शेकोटी कोसळली. निखारा विटांखाली विझला. मागचं दार मोकळं झालं, गार वारा आत आला. चिमाजी मात्र पुढच्या दाराने झाडावर पोचला होता. शेपटीत मावशीचा एक काटा घेऊन.

शलाकाने डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं. आता घरी जायचं.

कुर्र... कुर्र...

तिने एक डोळा उघडला. बाभळी खाली मान घालून जमीन कुरतडत होती.

"सॉरी हं," भरल्या तोंडाने बाभळी म्हणाली. "घाबरले ना, की मला होतं असं."

"तुलाही?" शलाका म्हणाली.

"आपल्यात सगळ्यांनाच होतं," दुसरी म्हणाली आणि तिनेही तोंड लावलं. मग तिसरी. एक तर भेदरलेल्या, त्यात उपाशी. पाहता पाहता बिळात कुरकुर, कडकड, मचमच असा नुसता गजर झाला.

मावशीने एक कपचा चाखला. डोळे मिटले. सावकाश चघळला.

"मुरलेली आहे," ती म्हणाली.

मग ती कोपऱ्याकडे सरकली आणि तिने पळसाचं पान उचललं. "ही कुणी उष्टावली गं?"

शलाकाचे काटे उभे राहिले. "मी."

"म्हणजे पाहुण्यांच्या आधी तूच जेवलीस होय!" मावशी म्हणाली आणि इतकी हसली, की तिला फळीवर लोळावं लागलं. मग जिच्यावर लोळली ती फळीही तिने खाल्ली.

संध्याकाळपर्यंत खालची माती दिसायला लागली. आईने ती पायाने चाचपली.

"खणलंयस चांगलं," ती म्हणाली. "राहा इथे. पण मागचं दार परत बुजवलंस तर बघ."

निघताना मावशी दारात थांबली. "शेकोटी जरा तिखट झाली होती. पण जमीन? वा! बारशाला सागवानी कर."

चिमाजी हल्ली नवीन गिऱ्हाइकांना झाडावरूनच सांगतो, "माझी जमीन पाहून पाहुणे तोंडात बोटं घालत नाहीत, ताई. जमीनच घालतात."

तात्पर्य : दुसऱ्याचं पाहून घर सजवू नये, असं शहाणे लोक सांगतात. तुम्ही खुशाल सजवा. फक्त फजिती करायचीच, तर पंगतीला पुरेल एवढी करा.