इंदूआत्याचा एकच प्रश्न

भेटल्यावर लोक जेवण झालं का विचारतात. आमची इंदूआत्या विचारते, "लघवी झाली काय?"

वॉर्डात ठीक आहे हो, भंडाऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात शिकवते ती. पण आंधळगावच्या लग्नात? नवरदेवाचे वडील धावपळीनं घामाघूम झालेले, आणि आत्यानं त्यांना भर पंगतीत गाठलं. "वो भाऊ, चेहरा काहून सुजल्यासारखा दिसून राहिला? लघवी झाली काय सकाळपासून?" वाढपी वरणाची बादली घेऊन जागीच थांबला. मी ताटात तोंड खुपसलं. घरी येऊन आई म्हणाली, "इंदूबाई, जागा पाहून तरी बोलत जा जी."

"किडनीले समजते काय, लग्न हाय का मयत?"

माझं नशीब असं फुटकं की मी तिच्याच कॉलेजात शिकते. मैत्रिणी तिची नक्कल करतात, आणि मी तिची कोणीच नाही असं दाखवून हसते.

परवा ऑपरेशनच्या वॉर्डात दिघोरीच्या एक बाई माझ्याकडे होत्या. सकाळीच त्यांची लघवीची नळी काढली होती. दुपारी त्या नुसत्या तळमळायला लागल्या. नाडी जलद, कपाळावर घाम. दुखतं का विचारलं तर तोंड फिरवायच्या. मी बीपी घेतला, टाके पाहिले आणि दुखण्याच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना सांगायला निघाले.

तेवढ्यात आत्या आली. चादरीखाली हात घालून तिनं ओटीपोट चाचपलं. "हे पाय, फुगून कडक झालं. इंजेक्शन कायले व? नळी निघाल्यावर पह्यले काय पाह्याचं असते?"

नेमकं तेवढंच सोडून मी सगळं पाहिलं होतं. मान वर करायची सोय राहिली नाही.

मग ती बाईंच्या कानाशी वाकून इतकं हळू बोलली की मलाही ऐकू आलं नाही. बाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. समोरच्या पलंगाशी कोणाचा तरी नवरा बसलेला. त्याच्या देखत पॉट मागायचा कसा? आत्यानं त्याला चहाला पिटाळलं, पडदा ओढला, पॉट दिला, बेसिनचा नळ सोडला. आतला आवाज कोणाला जाऊ नये म्हणून पडद्याबाहेर उभी राहून मला मोठमोठ्यानं वांग्याची भाजी कशी करायची ते सांगू लागली.

सांगता सांगता मध्येच थांबली.

"माह्या ऑपरेशनच्या वेळी मी बी अशीच पडून होती. याच वॉर्डात. माह्याच कॉलेजच्या पोरी ड्युटीवर. साऱ्या याच्या, 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणाच्या अन् जाच्या. त्याइले पॉट कसा मागू?"

"मग?"

"मंग काय, पलंगातच झालं." ती नळाकडे पाहत होती. "पोरी पाहतील म्हणून चादर मीनंच धुतली. टाक्यावर हात धरून."

मैत्रिणींसोबत तिच्यावर हसले होते ते आठवून मला माझीच लाज वाटली.

आतून बारीक आवाज आला, "झालं जी, बाई."

"आली, माय, आली," म्हणत आत्या पडद्याआड गेली.